गर्दीत शटर उघडं ठेवताना

लाँग एक्स्पोजर म्हटलं की पहिला सल्ला ट्रायपॉडचा मिळतो. किल्ल्यावर, पहाटेच्या समुद्रावर तो बरोबरच आहे. पण रेल्वेच्या पादचारी पुलावर कुणी ट्रायपॉड उघडताना दिसला की मला धडकीच भरते. दादरच्या पुलावर ऐन संध्याकाळी आमच्यातल्या एकाने तो अगदी कडेला उभा केला होता. फास्ट लोकल लागली, जिन्यावरून लोंढा चढला आणि एका बाईंचा पाय त्यात अडकला. त्या गुडघ्यांवर पडल्या. मागच्यांना थांबायला जागाच नव्हती. दोघा-तिघांनी हात आडवे घालून लोकांना थोपवलं म्हणून निभावलं. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरच्या चेंगराचेंगरीत काय झालं, ते मुंबईकराला वेगळं सांगायला नको. एवढं करून त्या ट्रायपॉडवाल्याचे फोटो हललेलेच आले. पावलांनी पूल थरथरतो, त्यासोबत ट्रायपॉडही.

त्यापेक्षा फलाटावर एखादा खांब गाठा. कॅमेरा त्याला दाबून धरा, पट्टा गळ्यातच राहू द्या, दोन सेकंदांचा टायमर लावा. (पुलाच्या कठड्यावर कॅमेरा ठेवायचा मोह नको; खाली 25,000 व्होल्टची तार असते.) अशाने अर्ध्या सेकंदापर्यंत सहज जाता येतं आणि गर्दीला बहुधा तेवढं पुरतं.

नवख्यांना हेच पटत नाही. शटर जितकं जास्त वेळ उघडं तितकी गर्दी दाट दिसेल, असं त्यांना वाटतं. होतं उलटंच. 1838 मध्ये फ्रेंच छायाचित्रकार दागेरने पॅरिसच्या वाहत्या रस्त्याचा फोटो काढला तेव्हा एक्स्पोजर काही मिनिटांचं होतं. रस्ता ओस पडला. उरला तो बूट पॉलिश करून घेत थांबलेला माणूस. सीएसएमटीच्या आवारात पाव सेकंदाला पावलं पुसट होतात, चेहरे ओळखू येतात. दोन सेकंदांना माणसांचा धूर होतो. तीस सेकंदांना नुसती फरशी उरते, आणि दहा सेकंद उभा राहिलेला कुणी आरपार दिसणारं भूत होऊन बसतो.

म्हणून चौकटीत काहीतरी स्थिर हवं. अलेक्सेई तितारेंको या रशियन छायाचित्रकाराने सेंट पीटर्सबर्गच्या मेट्रोच्या जिन्यावरची गर्दी टिपली, तिच्यात कठड्याला धरलेले हात तेवढे स्पष्ट उमटले आहेत. आपल्याकडे वर्तमानपत्र वाचत उभा असलेला माणूस शोधा. इंडिकेटर मात्र टाळा. मराठी, हिंदी, इंग्रजी अक्षरं एकावर एक चढून नुसता डाग उमटतो.

गिरगावच्या गणपती विसर्जनाला गर्दी चालत नाही, जागच्या जागी नाचते. तिथे अर्ध्या सेकंदातही लगदा होतो. ट्रॉली थांबू द्या, मूर्ती स्थिर झाली की पंधरांश सेकंदाने सुरुवात करा. आणि ट्रॉलीभोवतीच्या दोराच्या आत शिरू नका; ट्रॉली पुन्हा हलली की कार्यकर्ते तो दोर घेऊन अंगावर येतात, तेव्हा तुमचा डोळा व्ह्यूफाइंडरला असतो.