जुनी जमीन उखडताना

जुन्या कोब्यावर डकवलेलं व्हिनाइल उखडायच्या आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना एक गोष्ट विचारून घ्या : ते डकवलं कशासाठी होतं? हौसेसाठी, की खालचं काही झाकायला? आमच्या तंजावरच्या घरात या प्रश्नाचं उत्तर कळेपर्यंत एक अख्खा पावसाळा गेला, आणि तोवर नव्या जमिनीचे पैसे मोजून झाले होते. तसं आणखी कुणाचं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

घर राजवाड्याच्या पश्चिमेला, मेल राजवीथीच्या आतल्या गल्लीत. व्यंकोजीराजांच्या काळापासून या भागात मराठी कुटुंबं राहत आली. आमचं घर एवढं जुनं नाही, पण भिंती विटा-चुन्याच्या आणि ओसरीत, माजघरात तांबडा कोबा. सिमेंटात काव कालवून थापीने घोटायचं, मग गोट्याने घासून खोबरेल चोळायचं, अशी ती जमीन. दक्षिणेतल्या जुन्या घरांत अजून पाहायला मिळते. १९८०च्या दशकात कधीतरी तिच्यावर तपकिरी फुलांचं व्हिनाइल आलं, रबरी गोंदाने पक्कं चिकटवलेलं. ते कडांना फाटलं, तेव्हा घरच्यांनी एका ठेकेदाराला बोलावलं आणि चकचकीत इपॉक्सी करायचं ठरलं.

ठेकेदार आला ऐन कत्तिरीत, म्हणजे मे महिन्यातल्या अग्निनक्षत्राच्या उन्हात. त्याच्या माणसांनी व्हिनाइल ओरबाडून काढलं आणि उरलेल्या गोंदावर कोरडा ग्राइंडर चालवला. उष्णतेने गोंद वितळून चकतीला बसायचा, चकती घसरायची, मग ती आणखी दाबायची. जिथे गोंद निघाला तिथे कोब्याची तांबडी घोटाई गेली. जिथे निघाला नाही तिथे तो पातळ होऊन पसरला. धुळीचा लाल थर देवघरातल्या तसबिरींपासून मागच्या अंगणातल्या तुळशीपर्यंत बसला होता. जूनमध्ये इपॉक्सी ओतलं, आणि जमीन खरंच आरशासारखी दिसायला लागली.

तंजावर कावेरीच्या खोऱ्यात वसलेलं. रिवाजाप्रमाणे १२ जूनला मेट्टूर धरणाचं पाणी सोडतात, मग कालवे भरून वाहू लागतात. १९३४मध्ये खुला झालेला कल्लणै कालवा, ज्याला इथे ‘पुदु आरू’ म्हणतात, तो शहरातूनच जातो. ऑक्टोबरात ईशान्य मोसमी पाऊस सुरू झाला, की जमिनीखालचं पाणी आणखी वर चढतं. ऐप्पसी हा तमिळ महिना लागला आणि आमच्या ओसरीत फुगे यायला लागले. आधी रुपयाएवढे, मग पुरीएवढे. एक टोचून पाहिला तर आतून बुळबुळीत, खारट वासाचं पाणी आलं.

मी सुटलेल्या इपॉक्सीचे तुकडे उलटे करून उन्हात पाहिले. काहींच्या पाठीला पिवळट गोंद चिकटलेला होता, म्हणजे तिथे इपॉक्सीने कोबा धरलाच नव्हता, गोंद धरला होता. काहींच्या पाठीला तांबडी भुकटी होती. तिथे इपॉक्सीची पकड चांगली होती, पण ग्राइंडरने खिळखिळा झालेला वरचा थरच ते घेऊन निघालं होतं. आणि विहिरीच्या बाजूच्या कोपऱ्यात तुकड्यांची पाठ पांढरी होती. तो लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेले क्षार.

तेव्हा आत्या म्हणाली, "अरे, तो कोपरा नेहमीच घामायचा. तुझ्या आजोबांनी कंटाळून वर ते प्लास्टिक घातलं." तिला कुणी विचारलंच नव्हतं.

जुन्या घरांच्या जमिनीखाली ओल अडवणारा कागद वा थर नसतो. वाळूची भर, तिच्यावर विटांचे तुकडे आणि चुन्याचं काँक्रीट, वर बोटभर सिमेंटचा कोबा. खालची ओल हळूहळू वर येते, आणि उघडा कोबा ती हवेत सोडून देतो. वर व्हिनाइल घातलं, की ओल तिथेच कोंडते. येताना ती सिमेंटातले क्षार घेऊन येते, आणि त्या क्षारांनी गोंद वर्षानुवर्षं सडत राहतो. मेमध्ये व्हिनाइल काढलं, की वरचा पापुद्रा दोन दिवसांत वाळतो आणि सगळ्यांना जमीन कोरडी वाटते. पोट ओलंच असतं. त्याच्यावर इपॉक्सीचं झाकण बसवलं, की पुढचं सगळं ठरल्यासारखंच होतं.

म्हणून पहिलं काम उखडण्याचं नाही, ओळखण्याचं. कपाटामागे, दाराआड, जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही अशा जागी वीतभर तुकडा सोडवा. खाली काय आहे ते पाहा : घोटलेला तांबडा कोबा, साधं सिमेंट, का जुन्या फरश्या? गोंद कसला आहे? पिवळा आणि ताणला जाणारा असेल तर रबरी. पांढरट असून ओल्या फडक्याखाली रात्रभर ठेवल्यावर मऊ पडत असेल तर पाण्यातला. काळा, डांबरासारखा असेल तर हात मागे घ्या.

याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथे जमिनीपेक्षा माणसाचा प्रश्न आहे. एका नातलगांच्या जुन्या दवाखान्यात नऊ इंची चौकोनी टाइल होत्या, कडक आणि ठिसूळ, वाकवल्या तर मोडणाऱ्या, खाली काळा गोंद. मी तिथलं काम थांबवायला लावलं. व्हिनाइलमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू घालून टाइल करायची पद्धत जगभर होती आणि आपल्याकडेही होती. अशा टाइलसाठी ३४६१ क्रमांकाचं वेगळं भारतीय मानकच आहे. काळ्या गोंदातही हे तंतू असू शकतात. टाइल अखंड पडून आहे तोवर ते सहसा हवेत येत नाहीत. फोडली, घासली, ग्राइंडरखाली घातली, की येतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. त्रास दिसायला दशकं लागतात. १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकृतीच्या नोंदी कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं ठेवायला सांगितल्या, त्यामागचं कारण हेच. डोळ्यांनी पाहून खात्री होत नाही. ओला करून दोन पिशव्यांत बंद केलेला छोटा तुकडा प्रयोगशाळेतच तपासावा लागतो. शंका असेल आणि टाइल घट्ट असतील, तर त्या तशाच ठेवून वरून नवी जमीन घालणं हा सर्वांत शहाणा उपाय. काढणं भागच असेल तर ते घरच्या गड्याचं काम नव्हे, आणि तो कचरा पालिकेच्या गाडीत टाकायचा नसतो. धोकादायक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत टाकाऊ ॲस्बेस्टॉस येतं.

दवाखान्यातल्या त्या टाइल अजून जागेवर आहेत, वर नवी जमीन आहे.

आमच्या घरचं व्हिनाइल मऊ, गुंडाळता येणारं होतं; पण तेवढ्यावरून ती भीती नाही असं धरू नका, अशा चादरीच्या पाठीच्या थरातही ॲस्बेस्टॉस असू शकतं. माजघराची जमीन ठेकेदाराच्या हाती लागायची राहिली होती. ती आम्ही एका म्हाताऱ्या कोत्तनारला, म्हणजे इथल्या गवंड्याला, धरून हातानेच सोडवली. त्याने आल्या आल्या पहिली गोष्ट केली ती म्हणजे जमिनीवर काठीने ठोकत फिरला. जिथे बद्द वाजेल तिथे खडूने गोल. तिथे कोबा खालच्या थरापासून सुटलेला असतो, तिथे जोर करायचा नाही.

व्हिनाइल त्याने दुपारी काढलं आणि गोंद पहाटे. उन्हाच्या वेळी चादर मऊ असते, फाटत नाही. सुरीने वीतभर रुंदीच्या पट्ट्या कापायच्या; कापताना सुरी कोब्यावर टेकवायची नाही, नाहीतर तिची रेघ जन्मभर दिसते. मग पट्टीचं टोक जमिनीलगत, जवळजवळ आडवं ओढत न्यायचं. सरळ वर ओढलं तर कोब्याचे टवके निघतात. गोंदाचं उलटं आहे. तो गार असताना कडक असतो, पटाशीखाली पापुद्र्यांनी सुटतो; दुपारी त्याचा नुसता चिकट लगदा होतो. जिथे जाड थर होता तिथे आम्ही प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून ठेवला, मग खरवडलं. पटाशीचे दोन्ही कोपरे त्याने कानशीने गोल करून घेतले होते. हत्यार टेकवण्याआधी मी त्या कोपऱ्यांवरून बोट फिरवून पाहिलं. धार पात्याला होती, कोपऱ्याला अजिबात नव्हती. ओसरीतल्या कोब्यावर खोल चरे का उमटले होते, ते मला तेव्हा समजलं.

थिनर किंवा पेट्रोल ओतायचा सल्ला कुणीतरी देतोच. तो ऐकू नका. पहिलं कारण आगीचं : त्या वाफा हवेपेक्षा जड असतात, जमिनीलगत पसरत जातात आणि शेजारच्या खोलीतली समई त्यांना पुरेशी असते. दुसरं असं, की पातळ झालेला गोंद कोब्याच्या छिद्रांत मुरतो आणि मग तो काढायला जमीनच घासावी लागते. संडास साफ करायचं ॲसिडही नको. ते गोंदाला काही करत नाही, सिमेंट मात्र खातं, रंग उडवतं आणि मागे क्षार ठेवून जातं.

खरवडून झाल्यावर जो पातळ डाग उरतो, त्याच्यासाठी मोझॅइक घासणाऱ्यांचं पाण्यावरचं मशीन पुरे. त्याला बारीक दगड लावायला सांगा आणि हात हलका ठेवायला सांगा, कारण काव घातलेला थर अगदी पातळ असतो. कोरडं घासू देऊ नका, घरमालकाच्या तसबिरींसाठी नव्हे तर मशीन धरणाऱ्या माणसासाठी. सिमेंट-वाळूच्या बारीक धुळीत सिलिका असते. सिलिकोसिस हा १९४८च्या कारखाना कायद्यात नोंद करायच्या रोगांमध्ये होता. घरगुती कामावर येणाऱ्या पोराच्या नोंदी मात्र कुणी ठेवत नाही. तोंडाला बांधलेला पंचा ती धूळ अडवत नाही. एन-९५ मास्क त्याला आपण द्यायचा, आणि शक्यतो धूळच होऊ द्यायची नाही. घासून निघालेला लाल चिखल गटारात सोडू नका, तिथे तो सिमेंटसारखा बसतो. परातीत भरून वाळू द्या, मग टाका.

गोंद पुरता निघाला का, हे पाण्याच्या थेंबाने कळतं. स्वच्छ जमिनीवर थेंब टाकला, की तो थोड्या वेळात पसरून आत शिरतो आणि जागा गडद होते. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर तिथे गोंद, तेल किंवा मेण आहे. एका जागी पाहून थांबू नका, खोलीभर पाहा. ओलीसाठी हात-दीड हाताचा स्वच्छ प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक रात्र ठेवायचा. सकाळी आतून दवासारखं पाणी दिसलं किंवा खालची जमीन गडद झाली, तर खालून ओल येते आहे. ही परीक्षा फक्त त्या दिवसाचं सांगते. मेमध्ये पास झालेली जमीन कार्तिकात नापास होऊ शकते, म्हणून आमच्या भागात ती पावसाच्या भरात करावी, आणि विहिरीच्या, मोरीच्या बाजूला तर नक्कीच.

माजघर आम्ही तो सगळा पावसाळा उघडं ठेवलं. घरातल्यांना ते बघवत नव्हतं. डाग होते, ठिगळं होती, पाहुण्यांसमोर चटई टाकावी लागायची. पण लोणा कुठे फुटतो ते दिसलं. तो रोज कोरड्या कुंच्याने झाडून घेतला, पाण्याने पुसला नाही, कारण पाण्याबरोबर क्षार परत आत जातात. विहिरीकडच्या भिंतीबाहेर पावसाचं पाणी साचत होतं, तिथला उतार फिरवला. जमिनीवरच्या कुठल्याही लेपापेक्षा त्याचा जास्त उपयोग झाला. पोंगलनंतर कोबा खरंच वाळला. बद्द वाजणारे तुकडे काढून काव घातलेल्या सिमेंटने भरले. जुन्या रंगाशी नवा रंग जुळत नाही, आणि तो जुळेल असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. मग खोबरेल चोळून, कापडाने घासून जमीन घेतली. तिच्यातून ओल आली तरी वाटेत अडत नाही.

ज्यांना तांबडा कोबा ठेवायचाच नाही त्यांच्यासाठी चेट्टिनाडच्या आत्तंगुडी टाइल चांगल्या. काचेवर रंग ओतून, न भाजता केलेल्या त्या सिमेंटच्याच टाइल असतात आणि सिमेंटमध्ये बसवल्यावर बऱ्यापैकी श्वास घेतात. पण त्याही गोंदावर बसत नाहीत, खालची जमीन तितकीच साफ लागते. इपॉक्सी वाईट नाही. गच्चीखालच्या मजल्यावर, जिथे खालून माती नाही, तिथे ते वर्षानुवर्षं टिकलेलं मी पाहिलं आहे. तळमजल्याच्या जुन्या जमिनीवर, या खोऱ्यात, मी ते कुणाला सुचवणार नाही.

ठेकेदाराशी बोलताना चार गोष्टी कागदावर घ्या. आधी एका कोपऱ्यात नमुना करून दाखवायचा आणि तो पसंत पडल्यावरच पुढे जायचं. घासणं पाण्यावर. मास्क आणि चिखलाची विल्हेवाट कुणाकडे, ते स्पष्ट. आणि वरून लेप असेल तर शेवटचा हप्ता जूनमध्ये द्यायचा नाही. पावसाच्या भरात येणाऱ्या कार्तिक दीपमच्या दिवशी जमिनीवरून अनवाणी फिरून, फुगा कुठे नाही हे पाहून द्यायचा. ही अट ऐकून जो ठेकेदार कुरकुरेल, त्याला तिथेच नमस्कार करा. आमच्या ओळखीच्या दोन घरांनी ही अट घातली. एका ठेकेदाराने ती मान्य केली आणि स्वतःच म्हणाला, की मग पाऊस संपल्यावरच काम सुरू करूया.