नदीवर कुत्रं सोबत नेताय? मग हे वाचा



मार्च लागलाय. कृष्णेचं पाणी खाली गेलंय, उसाला पाणी हवंय आणि लाईट रात्रीची आहे. म्हणजे अंधारात मोटारीवर जाणं आलं, आणि आपल्यामागं राखणीचं कुत्रंही आलंच. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ या पट्ट्यात मगर कोणाला नवीन नाही. पण माणसानं काय जपायचं ते सगळे सांगतात, कुत्र्याचं कोणी सांगत नाही. म्हणून आजचा मेसेज.

पहिला गैरसमज, "कुत्रं भुंकलं की मगर पळते." काठावर ऊन खात पडलेली मगर भुंकल्यावर पाण्यात सरकते, हे खरं. पण ती पळालेली नसते, पाण्याखाली गेलेली असते. फक्त नाकपुड्या आणि डोळे वर ठेवून ती बराच वेळ एका जागी थांबू शकते, पूर्ण बुडी मारली तर तेवढंही दिसत नाही. कुत्रं मात्र रोज त्याच वाटेनं उतरतं, त्याच जागी मान खाली घालून पाणी पितं. मगरीला हेच पाहिजे असतं. ती पाठलाग करून शिकार करणारं जनावर नाही, दबा धरून बसणारं आहे.

माझंच सांगतो. दोन वर्षांमागं आमचं कुत्रं असंच मोटारीजवळ पाणी प्यायला उतरलं आणि एका झटक्यात गेलं. त्या वेळी मी बॅटरी टाकून दोन पावलं पाण्यात गेलो होतो. कुत्रं तर वाचलं नाहीच, पण त्या दोन पावलांचा विचार आला की आजही अंगावर काटा येतो. *कुत्र्याला ओढलं तरी पाण्यात उतरायचं नाही.* साखळी हातात असेल तर सोडून द्या. आणि साखळी मनगटाला गुंडाळून तर कधीच धरू नका.

सगळ्यात सोपा उपाय पाण्याचाच आहे. कुत्रं नदीवर उतरतं ते तहान लागते म्हणून. स्टार्टरच्या पेटीजवळ, काठापासून लांब, अर्धा कापलेला ड्रम किंवा जुनी घमेली ठेवा आणि मोटार चालू झाली की भरून घ्या. निघताना घरीही पाणी पाजा. काठापासून किमान वीस फूट अलीकडे कुत्र्याला थांबवायची सवय लावा. काठालगत खुंटीला बांधून तुम्ही फुटबॉल साफ करायला जाणार असाल, तर तसं करू नका. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. खरं तर रात्री कुत्रं वस्तीवरच ठेवा आणि सोबतीला माणूस न्या.

दुसरं कारण आपणच तयार करतो. मेलेली कोंबडी, वासराची वार, मासळीची घाण नदीत टाकली की वासावर कुत्रीही येतात आणि मगरही. मेलेलं जनावर खोल खड्डा काढून पुरा. आपल्या गावात चिकनवाला पुलावरून पिशव्या टाकत असेल तर ग्रामपंचायतीत विषय काढा, यात भिडस्तपणा नको.

आता या महिन्यातली खास गोष्ट. फेब्रुवारी ते एप्रिल हा मगरीचा अंडी घालण्याचा काळ. पाण्याच्या वर, मऊ मातीच्या किंवा वाळूच्या उतारावर खड्डा करून ती साधारण २५-३० अंडी पुरते. पिल्लं पावसाच्या तोंडाला निघतात, तोवर मादी आसपासच असते. कुत्र्याला त्या जागेचा वास लागतो आणि ते उकरायला जातं. तुमचं कुत्रं काठावर एकाच जागी नाक घालून उकरत असेल तर जवळ जाऊन ओढू नका, लांबूनच हाक मारून बोलवा. अंडी फोडणं, दगड मारणं, तारेत करंट सोडणं हे काहीही करू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं मगरीला पूर्ण संरक्षण आहे, आणि करंटच्या तारेत आपलंच माणूस सापडतं. घरटं दिसलं किंवा मगर विहिरीत, शेततळ्यात आली तर वन विभागाच्या १९२६ नंबरवर फोन करा.

कुत्रं जखमी होऊन सुटलं तर जखम स्वच्छ पाण्यानं भरपूर धुवा आणि त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. दाताची जखम वरून बारीक दिसते, आत खोल असते आणि लवकर चिघळते. हळद, राख भरू नका. घाबरलेलं कुत्रं मालकालाही चावतं, म्हणून तोंड कापडानं सैल बांधून मगच उचला. चावलंच, तर जखम साबणानं पंधरा मिनिटं धुऊन रेबीजच्या इंजेक्शनसाठी सरकारी दवाखान्यात जा, घरचं कुत्रं आहे म्हणून टाळू नका.

तुमच्या मोटारीच्या जागेजवळ मगर दिसत असेल तर याच नंबरवर जागा आणि वेळ सांगून व्हॉइस मेसेज टाका. शेजारच्या मोटारवाल्यांना आम्ही कळवू.