पडलेला दात फेकू नये

दातांचा विषय आपल्याकडे बहुधा दाढ ठणकू लागल्यावरच निघतो. भिक्खुसंघाने मात्र त्याची दखल नियमांत घेतली होती. विनयपिटकातील चुल्लवग्गात दंतकाष्ठ वापरण्याची अनुज्ञा आहे. ते आठ अंगुळांहून लांब नसावे आणि चार अंगुळांहून आखूडही नसावे, कारण आखूड काडी एका भिक्खूच्या घशात अडकली होती. घडलेल्या अपघातावरून नियम करण्याची ही रीत निवासी शाळेनेही घेण्याजोगी आहे, असे आम्हांस वाटते.

शाळेत दाताचा मोठा अपघात बहुधा मैदानावर होतो. धाराशिव हा खो-खोचा जिल्हा. भारतीय महिला संघाचे नेतृत्व केलेल्या आणि २०२० साली अर्जुन पुरस्काराने गौरविलेल्या सारिका काळे येथल्याच. खांबाकडे सूर मारताना एखादे मूल तोंडावर आपटते आणि पुढचा दात मुळासकट बाहेर येतो. जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणतो, "दुधाचा असेल, पुन्हा येईल." दुधाचा दात पत्र्यावर फेकण्याची किंवा उंदराच्या बिळात टाकण्याची आपली जुनी चाल. त्याच हाताने हाही दात फेकला जातो. परंतु पुढचे कायमचे दात सहाव्या ते नवव्या वर्षांच्या दरम्यान येतात. पाचवीत शिकणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाचा पुढचा दात कायमचाच असतो आणि तो पुन्हा येत नाही.

असा दात वाचू शकतो. त्याच्या मुळावर एक नाजूक पापुद्रा असतो. त्यातील पेशी जिवंत असतील तर दात हाडाशी पुन्हा जुळतो. कोरड्या हवेत अर्ध्या तासातच त्या मरू लागतात, तासाभरानंतर फारच थोड्या उरतात. परंड्याच्या माणसाला बार्शी जवळची, तुळजापूरच्याला सोलापूर. तरीही वाहन मिळून दंतवैद्यापुढे बसेपर्यंत हा तास सहज सरतो. म्हणून पहिले काम मैदानावरच झाले पाहिजे, आणि ते करायला दंतवैद्य लागत नाही.

दात शोधून त्याच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा. मुळाला बोट लावू नये. माती लागली असल्यास गार पाण्याखाली दहाएक सेकंद धरावा. घासू नये, कापडाने पुसू नये. मूल शुद्धीवर व शांत असेल तर तो सरळ करून खाचेत हळूच बसवावा, स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगावे आणि निघावे. बसविण्याचे धाडस होत नसेल तर दात गार दुधात ठेवून मुलाबरोबर न्यावा. कुंथलगिरीच्या पेढ्यांच्या या जिल्ह्यात वाटीभर दूध मिळणे अवघड नाही. साध्या पाण्यात मात्र ठेवू नये, त्यात त्या पेशी फुगून फुटतात. दंतवैद्य तो शेजारच्या दातांना तारेने सुमारे दोन आठवडे बांधून ठेवतात. धनुर्वाताच्या लसीची चौकशीही करावी. दात खरोखरच दुधाचा असेल तर तो परत बसवू नये. खाली वाढणाऱ्या कायमच्या दाताला इजा होते. आणि मूल बेशुद्ध झाले, उलट्या करू लागले किंवा जबडा मिटेना, तर दाताचा विचार मागे ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दुसरे संकट हळू येते, म्हणून अधिक फसविते. किडलेली दाढ ठणकते. मूल गृहप्रमुखांना सांगायला लाजते. खेड्यात अजूनही भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन "कीड पाडणारे" आहेत. दाढेत अळी नसते, हे फ्रान्समधील पिएर फोशार यांनी १७२८ मध्येच लिहून ठेवले. जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दात पोखरतो. धुरीने, तंबाखूच्या गोळीने किंवा हिरडीवर ठेवलेल्या अॅस्पिरिनने कीड जात नाही. अॅस्पिरिनने तर हिरडी भाजते. गालावर सूज दिसली की त्याच दिवशी दंतवैद्य गाठावा, बाहेरून शेकू नये. सूज जबड्याखाली किंवा जिभेखाली उतरली, ताप चढला, तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना, तर श्वासमार्ग बंद होण्याचा धोका असतो. ही वेळ दवाखाना शोधण्याची नव्हे, थेट मोठ्या रुग्णालयाची आहे, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत.

आपल्या अनेक पालकांना ऊसतोडीसाठी महिनोन्‌महिने परजिल्ह्यांत राहावे लागते. मुलाच्या तोंडातून रक्त वाहत असताना तेथे फोन लागतोच असे नाही. म्हणून प्रवेशाच्या वेळीच तातडीच्या उपचारांची लेखी संमती द्यावी, गावातील एका नातेवाइकाचा क्रमांक द्यावा आणि मुलाच्या लसींची नोंद शाळेकडे ठेवावी. माजी विद्यार्थ्यांपैकी जे दंतवैद्यक शिकले आहेत त्यांनी वर्षातून एकदा सर्व मुलांची तोंडे तपासावीत. क्रीडाशिक्षकांच्या प्रथमोपचार पेटीत जाळीच्या कापडाच्या घड्या व झाकणाची स्वच्छ डबी असावी. दूध स्वयंपाकघरातून मिळेल.