घरचा राउटर आणि अनोळखी जोडण्या



आपल्या मुळशी तालुक्यात हिंजवडीला माहिती-तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले आणि संगणक हे आपल्या मुलामुलींच्या पोटापाण्याचे साधन झाले. पौड-पिरंगुटकडेही घरोघरी राउटर आले. परंतु त्याची राखण कशी करावी, हे फारसे कोणी शिकवत नाही.

आमच्या ओळखीच्या एका घरी संगणकावरील फायरवॉल ‘अनोळखी जोडणी अडवली’ अशी सूचना वारंवार देऊ लागला. वडिलांनी मुलावर संशय घेतला आणि ऐन परीक्षेत त्याचे इंटरनेट बंद केले. आम्ही त्या मुलाला सोबत घेऊन तपास केला. त्याचा क्रम असा :

१) प्रथम दिशा पाहावी. बाहेरून आलेली व अडवलेली जोडणी म्हणजे बंद दारावरची थाप होय. असे प्रयत्न जगभरची यंत्रे अहोरात्र करतात; दार बंद राहिले, एवढाच त्याचा अर्थ. आतून बाहेर जाणारी जोडणी मात्र तपासावी.

२) पत्ता पाहावा. तो १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होत असेल तर जोडणी घरातल्याच उपकरणाची असते. दूरचित्रवाणी संच, छपाई यंत्र हेही एकमेकांना शोधत असतात.

३) पोर्टचा क्रमांक पाहावा. ४४३ हा संकेतस्थळांचा, ५३ नावे शोधण्याचा, १२३ घड्याळ जुळवण्याचा. परंतु केवळ क्रमांक हा पुरावा नव्हे. संगणकातून बाहेर जाणारी जोडणी कोणत्या प्रोग्रामची आहे, हे विंडोजच्या ‘रिसोर्स मॉनिटर’मध्ये दिसते.

४) राउटरमधील उपकरणांची यादी उघडून एकेक उपकरण बंद करावे व सूचना थांबते का पाहावे. नवे मोबाइल आपला मॅक पत्ता बदलतात, म्हणून एकच फोन दोन नावांनी दिसू शकतो.

त्या घरी पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा आणि पोर्ट २३ निघाला. ओसरीवरचा कॅमेरा बंद करताच सूचना थांबल्या. त्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता! २०१६ साली ‘मिराई’ने असेच कारखान्याचे पासवर्ड वापरून जगभरातील लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले होते.

असे उपकरण प्रथम राउटरपासून तोडावे, मूळ स्थितीत आणावे आणि नवा पासवर्ड देऊन त्याची प्रणाली अद्ययावत करावी. नुसते बंद-चालू करून भागत नाही. पासवर्ड तोच राहिला तर लागण पुन्हा होते. राउटरचाही पासवर्ड बदलावा आणि त्यातील ‘यूपीएनपी’ व बाहेरून नियंत्रणाची सोय बंद ठेवावी. केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’कडे, जे २०१७ साली सुरू झाले, सफाईची साधने विनामूल्य मिळतात. पैशांची फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

मुलाचे इंटरनेट त्याच संध्याकाळी सुरू झाले. वडिलांनी चूक कबूल केली आणि राउटरची चौकशी आता त्याच्याकडेच सोपवली आहे. संशय आला तर आधी नोंद वाचावी, मग माणसाकडे बोट दाखवावे, एवढेच आमचे सांगणे.