घटक ४.३ : वास्तू आणि अर्थपरिवर्तन

शब्दाचे रूप टिकते, पण अर्थ बदलतो, हे आपण मागील घटकात पाहिले. वास्तूचेही तसेच आहे.

इंग्लंडमधील बाथ शहरात ‘रॉयल क्रेसेंट’ ही एकमेकांना लागून असलेल्या ३० घरांची अर्धचंद्राकृती रांग आहे. धाकट्या जॉन वुडच्या आराखड्यानुसार ती १७६७ ते १७७५ या काळात उभी राहिली. दर्शनी भाग त्याने एकसारखा आखला. मागील घर मात्र ज्याने त्याने आपल्या सोयीने बांधून घेतले.

अशा घरांची रचना साधारणपणे उभी असे : तळघरात सेवकांचा वावर, तळमजल्यावर भोजनकक्ष, पहिल्या मजल्यावर दिवाणखाना, त्यावर शयनगृहे आणि माळ्यावर नोकरांच्या खोल्या. मजल्यावरून माणसाचा दर्जा कळे. पुढे यांतील अनेक घरांच्या सदनिका झाल्या. सदनिका होताना उभे घर आडवे विभागले जाते; कुटुंबाचा जिना सामाईक होतो आणि नोकराचा माळा कुणाचे तरी स्वतंत्र घर ठरतो. रॉयल क्रेसेंटचे ११४ स्तंभ मात्र जागच्या जागी आहेत. म्हणून केवळ दर्शनी रूपावरून अर्थ ठरवू नये.

स्वाध्याय : वाटणी झालेल्या एखाद्या वाड्यात ‘ओसरी’, ‘माजघर’ हे शब्द आज कोणत्या अर्थाने वापरले जातात, ते तेथील रहिवाशांना विचारून लिहा.