दोन वातींची समई

मूल तीन-चार महिन्यांचे झाले की मान धरते. पुढे बसू लागते. पण एखादे मूल मान धरीत नाही. पाय उचलीत नाही. अंग लुळे पडते. आईला मात्र ते ओळखते, तिच्याकडे पाहून हसते. म्हणजे बुद्धी शाबूत आहे. मग बिघडले कुठे?

आपल्या पाठीच्या कण्यातून मज्जारज्जू जातो. त्यातल्या काही पेशी स्नायूंना हुकूम देतात : हात उचल, पाय हलव. या पेशी मरू लागल्या की हुकूम पोचत नाही. स्नायू वाळतात. रोग जोराचा असेल, तर श्वास घेणेही जड जाते. या रोगाला डॉक्टर एसएमए म्हणतात. साधारण १०,००० मुलांत एकाला तो होतो.

असे मूल झाले की लोक बोलू लागतात. कोणी म्हणते, करणी केली. कोणी म्हणते, सून पांढऱ्या पायाची. मंडळी, हे सगळे खोटे आहे. १९९५ साली फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी या रोगाचे मूळ शोधून काढले. ते एका जनुकात आहे. जनुक म्हणजे शरीर कसे घडवायचे हे सांगणारा बीजातला अंश.

समईचा दाखला घ्या. या जनुकाच्या दोन वाती प्रत्येकाला मिळतात. एक आईकडून, एक बापाकडून. एक विझली तरी दुसरीचा उजेड पुरतो. असा माणूस धडधाकट असतो. आपली एक वात विझलेली आहे, हे त्याला ठाऊकही नसते. साधारण ५० माणसांत असा एक असतो.

आता नवरा-बायको दोघेही असे असले तर? दोघांकडून विझलेली वात आली, तरच मुलाला रोग होतो. चारांत एक वेळ असे घडते. पण पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन चांगली निघतील, असे नव्हे. दर खेपेला दान नव्याने पडते.

मग एकट्या आईला बोल का लावावा? एक वात बापाचीही असते. खरे तर दोष कोणाचाच नाही.

मामाच्या मुलीशी लग्न करायची चाल आपल्याकडे आहे. तिथे एकाच घरची विझलेली वात दोघांकडे उतरण्याचा संभव वाढतो. परक्या घरची सून आणली तरी हे घडू शकते; पण कमी.

घरात किंवा भाऊबंदांत असे मूल झाले असेल, तर दिवस राहण्याआधी दोघांनी रक्त तपासून घ्यावे. मोठ्या सरकारी दवाखान्यात विचारावे. गर्भाचीही तपासणी करता येते.

मूल मान धरीत नसेल तर थांबू नका. कारण दुसरेही असू शकते. ते डॉक्टर सांगतील. २०१६ सालापासून एसएमएवर औषधे निघाली आहेत. ती फार महाग आहेत. पण जितकी लवकर सुरू होतील, तितका गुण अधिक.

उत्तरे सांगा :
१. एक वात विझलेला माणूस आजारी असतो काय?
२. मुलाला रोग केव्हा होतो?
३. सुनेला बोल लावणाऱ्या शेजारणीला तुम्ही काय सांगाल?