शाळेतील शारीरिक शिक्षण : अभ्यासाचेच एक अंग

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीनिमित्त आपल्या अनेक वस्त्यांत सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम घेतला जातो. विद्यार्थी पहाटेपासून विहारात पुस्तके घेऊन बसतात, हे दृश्य खरोखर अभिमानास्पद आहे. परंतु हीच मुले मैदानावर अर्धा तास तरी धावू शकतील काय, असा प्रश्न आम्हास पडतो. ‘शिका’ हा आदेश आपण शिरोधार्य मानला. मात्र शिकणारे शरीरही घडवावे लागते, याकडे दुर्लक्ष झाले. स्वतः बाबासाहेबांना उत्तरायुष्यात मधुमेह व पायांच्या दुखण्याने ग्रासले होते आणि १९५६ साली, वयाच्या ६५ व्या वर्षी, समाज त्यांना मुकला, हे विसरून चालणार नाही.

तथागतांनी देहाची उपेक्षा शिकविली नाही. सिद्धार्थ गौतमांनी सहा वर्षे उग्र तप केले, शरीराचा सांगाडा झाला, पण ज्ञान लाभले नाही. सुजाताची खीर ग्रहण करून देह सावरल्यावरच त्यांना बोधी प्राप्त झाली. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे, म्हणजे नियमित चालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत : प्रवासाची ताकद येते, प्रयत्नाची क्षमता वाढते, रोग कमी होतात, अन्न पचते आणि चित्ताची एकाग्रता दीर्घकाळ टिकते. यातील पाचवा लाभ विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावा.

खेळाने समाजाची मानही उंचावते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजात जन्मलेले पळवणकर बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबवर मैदानाची कामे करीत गोलंदाजी शिकले. सवर्ण सहकारी त्यांना चहा वेगळ्या भांड्यात, तोही बाहेर देत. तरीही १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. त्यांना स्वतःला हिंदू संघाचे कर्णधारपद नाकारले गेले. पुढे १९२३ साली त्यांचे बंधू विठ्ठल यांना ते द्यावे लागले. मैदानावरील कर्तृत्वापुढे जातीची भिंत किती पोकळ ठरते, याचा हा धडा आहे.

आपल्या उपनगरांनाही या विषयाचा वारसा आहे. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणारी सरकारी संस्था १९३८ साली कांदिवलीत सुरू झाली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान व खेळाचे साहित्य आवश्यक ठरविले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वयोगटातील मुलांनी रोज सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते तीव्र स्वरूपाचा व्यायाम करावा. प्रत्यक्षात काय दिसते? पी.टी.चा तास गणिताचा राहिलेला पोर्शन पुरा करण्यासाठी वापरला जातो आणि आपणही पालक म्हणून समाधान मानतो. आमच्याही घरी हेच घडले, हे कबूल केले पाहिजे. मुलगी मोठी झाली की तिचा खेळ बंद करण्याची चूकही आपलीच.

मुलुंड, घाटकोपरच्या चाळींतून व दहा बाय दहाच्या खोल्यांतून राहणाऱ्या मुलांना घरी जागा नसते. सधन घरची मुले पैसे भरून क्लबात पोहतील; आपल्या मुलांना मात्र शाळेचा तो एक तासच असतो. तो गेला की सारेच गेले. म्हणून हा प्रश्न केवळ आरोग्याचा नसून समान संधीचा आहे.

यासाठी फार खर्च लागत नाही. कबड्डीला आखलेली जमीन पुरते, खो-खोला दोन खांब. पालकांनी शाळेच्या सभेत पी.टी.च्या तासाबद्दल निर्भयपणे विचारावे. विहारातील रविवारच्या वर्गात वंदनेनंतर अर्धा तास खेळास द्यावा व त्यात मुलींना बरोबरीचे स्थान असावे. १८ तासांच्या अभ्यासातही दर दोन तासांनी दहा मिनिटे चंक्रमण ठेवावे.

विद्यार्थी मित्रहो, संघर्षाची वाट लांबची आहे. ती चालण्यास बुद्धीइतकेच पायही मजबूत हवेत.

जय भीम!